वाचकांचे प्रश्न : चषक आधी कोणाच्या हाती?

नामवंत खेळाडू आणि कलावंत आपल्या आधीच्या पिढीविषयी जाहीरपणे बोलतात, तेव्हा त्या बोलण्याला किती किंमत द्यावी, आणि कारकिर्दीला वळण देणारा क्षण म्हणतात तो नेमका कोणता असतो, याविषयी आम्ही मागील अंकात प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत. काही पत्रे जागेअभावी थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत आपल्या महिला संघाने विश्वचषक जिंकला आणि खेळाडूंनी तो मैदानावर उपस्थित असलेल्या मिताली राज, झूलन गोस्वामी आणि अंजुम चोप्रा यांच्या हाती दिला. ते दृश्य पाहून माझे डोळे भरून आले, पण घरातील तरुण मंडळी म्हणाली, की हे सारे कॅमेऱ्यासाठी होते. आपले मत काय? आणि या जुन्या खेळाडूंनी नेमके काय केले, हे माझ्या नातीला कसे सांगावे?
– एक निवृत्त शिक्षिका, मिरज

उत्तर : कॅमेरे होते, हे खरे. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यानंतर मैदानावर कॅमेरा पोहोचत नाही अशी जागा शोधूनही सापडायची नाही. परंतु एखादी गोष्ट कॅमेऱ्यासमोर घडली, एवढ्यावरून ती कॅमेऱ्यासाठीच घडली असे ठरत नाही. अशा वेळी आम्ही एक साधी कसोटी लावतो. आभार मानणाऱ्याला आपण नेमके कशाबद्दल ऋणी आहोत, हे सांगता येते का? ‘त्यांनी आम्हाला प्रेरणा दिली’ हे वाक्य कोणीही कोणाविषयीही म्हणू शकते आणि म्हणतेही. कर्णधार हरमनप्रीत कौर यांनी झूलन यांच्याविषयी जे सांगितले ते त्याहून ठोस होते : आपण संघात आलो तेव्हा कर्णधार झूलन होत्या आणि नवख्या खेळाडूला त्यांनी आधार दिला. झूलन यांनी सांगितलेली आठवण तर अधिकच नेमकी आहे. २०२२ च्या विश्वचषकात शेवटच्या चेंडूवर दक्षिण आफ्रिकेकडून हार पत्करून भारत उपांत्य फेरीपूर्वीच बाद झाला. त्या सामन्यात दुखापतीमुळे झूलन यांना खेळताही आले नव्हते. त्यानंतर हरमनप्रीत आणि स्मृती मानधना रात्री त्यांच्या खोलीवर आल्या आणि पुढच्या वेळी तुम्ही संघात असा वा नसा, चषक तुमच्यासाठी जिंकू, असा शब्द देऊन गेल्या. साडेतीन वर्षांहून अधिक काळ सांभाळलेला शब्द ज्या क्षणी पाळला गेला, तो क्षण चित्रित झाला याचा दोष कोणाला द्यायचा?

नातीला मात्र गोष्ट मागून सुरू करून सांगावी, असे आम्ही सुचवतो. भारतीय महिला क्रिकेट संघटनेची स्थापना १९७३ मध्ये झाली आणि त्याच वर्षी पहिली राष्ट्रीय स्पर्धा आपल्या पुण्यात भरली, तेव्हा तीत अवघे तीन संघ होते : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. तीनच वर्षांनी, नोव्हेंबर १९७६ मध्ये, शांता रंगास्वामी यांच्या नेतृत्वाखाली पाटण्यात वेस्ट इंडिजविरुद्ध भारतीय महिलांनी पहिला कसोटी विजय मिळवला. त्या काळातील खेळाडू आपल्या आठवणी सांगतात तेव्हा धावा आणि बळींपेक्षा रेल्वेचा अनारक्षित डबा, सोबत बांधून नेलेली वळकटी आणि सामायिक निवासातील जमिनीवरची झोप यांचाच उल्लेख अधिक येतो. नातीला कदाचित वळकटी म्हणजे काय, हेही समजावून सांगावे लागेल.

मुंबईच्या डायना एडलजी यांचे नाव या गोष्टीत ठळक अक्षरांत असायला हवे, कारण या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने कसोटीत ६३ बळी घेतले ही त्यांच्या कामाची निम्मीच बाजू आहे. उरलेली बाजू नोकरीची आहे. ज्या खेळात मानधन जवळजवळ नव्हतेच, त्यात टिकून राहायचे तर महिन्याच्या पगाराची हमी हवी, हे त्यांनी ओळखले होते. स्वतः पश्चिम रेल्वेत असलेल्या एडलजी रेल्वेने महिला क्रिकेटपटूंना नोकऱ्या द्याव्यात यासाठी सतत झगडल्या. पुढे मिताली राज यांनाही रेल्वेनेच आधार दिला. हरमनप्रीत यांच्या मुंबईतील रेल्वेच्या नोकरीसाठी एडलजी यांनी खटपट केली आणि त्यांच्या सांगण्यावरून सचिन तेंडुलकर यांनी शिफारसपत्र दिले. ‘वाट पाडणे’ हा शब्दप्रयोग आपण फार सैलपणे करतो. येथे तो जवळजवळ शब्दशः खरा आहे आणि त्या वाटेवर रूळही आहेत.

१९८६ च्या इंग्लंड दौऱ्यात याच एडलजींना लंडनच्या लॉर्ड्स मैदानाच्या पॅव्हेलियनमध्ये प्रवेश नाकारण्यात आला होता. त्या मैदानाचा मालक असलेल्या एमसीसी या क्लबने स्त्रियांना सभासदत्व देण्याचा ठराव संमत केला तो १९९८ मध्ये. त्याच लॉर्ड्सवर २०१७ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना भरगच्च प्रेक्षकांसमोर झाला. इंग्लंडच्या २२८ धावांचा पाठलाग करताना मुंबईकर पूनम राऊत यांनी ८६ धावा केल्या, भारत ३ बाद १९१ वर होता, आणि तेथून डाव २१९ वर आटोपला. नऊ धावांनी हुकलेला तो सामना मिताली आणि झूलन यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठी हुरहूर असणार. नातीला एक आकडाही सांगा. २००५ मध्ये मितालींच्या नेतृत्वाखालील संघ प्रथमच विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला, तेव्हा खेळाडूंना प्रत्येक सामन्यामागे एक हजार रुपये मिळाले होते, असे मितालींनी स्वतः सांगितले आहे. महिला क्रिकेट भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या छत्राखाली आले २००६ मध्ये आणि पुरुषांइतके सामना मानधन जाहीर झाले ते ऑक्टोबर २०२२ मध्ये : एकदिवसीय सामन्यासाठी सहा लाख रुपये. एक हजार आणि सहा लाख यांमधील अंतर ज्यांनी चालून काढले, त्यांच्या हाती चषक गेला. तो शांता रंगास्वामी आणि डायना एडलजी यांच्याही हाती गेला असता तर आम्हाला अधिक आनंद झाला असता, पण ही आमची खासगी तक्रार समजावी.

प्रश्न : कारकिर्दीला वळण देणारा क्षण ज्यांच्या वाट्याला आलाच नाही, त्यांच्याविषयी कोणी का लिहीत नाही? मी स्वतः क्लब क्रिकेट खेळलो आहे, म्हणून विचारतो.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या प्रश्नाचे सर्वांत चांगले उदाहरण त्याच नवी मुंबईच्या मैदानावर सीमारेषेच्या बाहेर उभे होते. विजेत्या महिला संघाचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार हे सचिन तेंडुलकर यांचे गुरू आचरेकर सर यांचेच शिष्य. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शिल्ड या शालेय स्पर्धेच्या सामन्यात शारदाश्रम शाळेसाठी तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून मुझुमदार पॅड बांधून बसले होते आणि त्यांची पाळी आलीच नाही. ही आठवण महाराष्ट्रात इतक्यांदा सांगितली गेली आहे की ती आता दंतकथेसारखी वाटते, पण त्यातील दुखरा भाग पुढचा आहे. रणजी पदार्पणातच हरियाणाविरुद्ध २६०, पुढे २००६–०७ मध्ये कर्णधार म्हणून मुंबईला विजेतेपद, प्रथम श्रेणीत एकूण ११,१६७ धावा, आणि भारताकडून एकही सामना नाही! तो काळ मधल्या फळीत द्रविड, गांगुली, लक्ष्मण आणि स्वतः तेंडुलकर यांचा होता. दोष द्यावा असा कोणी सापडत नाही, म्हणून तर हे शल्य अधिक टोचते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ते महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. २०२५ च्या विश्वचषकात भारत ओळीने तीन सामने हरला, समाजमाध्यमांवर संघाची आणि त्यांचीही यथेच्छ टर उडवली गेली, आणि त्यानंतर उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने ३३९ धावांचे लक्ष्य ठेवले. त्या वेळी ड्रेसिंग रूममधील फळ्यावर त्यांनी एवढेच लिहिले, की अंतिम फेरी गाठण्यासाठी आपल्याला त्यांच्यापेक्षा एक धाव जास्त हवी आहे. ज्याने आयुष्यभर हजारो धावा करूनही एक दार उघडले नाही, त्याने एका धावेविषयी असे लिहावे, यात आम्हाला काहीतरी फार मराठी, फार शिवाजी पार्कचे वाटते. मुंबईच्याच जेमिमा रॉड्रिग्ज यांनी नाबाद १२७ धावा करून तो सामना काढला. आपण तिसऱ्या क्रमांकावर जायचे आहे, हे त्यांना मैदानात उतरण्याच्या पाचच मिनिटे आधी कळले होते. २०२२ च्या विश्वचषक संघातून त्या वगळल्या गेल्या होत्या आणि या स्पर्धेतही एका सामन्यात त्यांना बाहेर बसवण्यात आले होते. अंतिम सामन्यानंतर हरमनप्रीत यांनी मुझुमदारांना वाकून नमस्कार केला. आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या नमस्कारात कितपत मिळते, हे आपणच ठरवावे, कारण तो क्षण त्यांच्या फलंदाजीची भरपाई करतो असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

प्रश्न : सुनील गावस्कर यांनी लहानग्या सचिनला पत्र लिहिले होते, ही गोष्ट खरी की नंतर रचलेली?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : खरी आहे. १९८७ मध्ये मुंबईच्या क्रिकेट संघटनेचा सर्वोत्तम कनिष्ठ खेळाडूचा पुरस्कार सचिन यांना मिळाला नाही आणि चौदा वर्षांचा तो मुलगा हिरमुसला. गावस्करांनी त्याला लिहिले त्याचा आशय असा होता, की पुरस्कार विजेत्यांची यादी पाहिलीस तर तीत एक नाव सापडणार नाही, आणि त्या माणसाने कसोटी क्रिकेटमध्ये काही फारशी वाईट कामगिरी केलेली नाही. ते नाव अर्थातच गावस्करांचे स्वतःचे. त्याच वर्षी मार्चमध्ये अहमदाबादला त्यांनी कसोटीतील दहा हजारावी धाव घेतली होती, हे लक्षात घेतले म्हणजे पत्रातील मिस्कीलपणा अधिक खुलतो. त्यांनी सचिनला स्वतःचे पॅडही दिले होते. गावस्करांचा ३४ कसोटी शतकांचा विक्रम डिसेंबर २००५ मध्ये दिल्लीत मोडला तो याच मुलाने.

प्रश्न : कोल्हापूरच्या मातीतल्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये पदक जिंकले, पण आपला आदर्श म्हणून नाव घेतले धोनीचे. खाशाबा जाधवांचे नाव आधी यायला नको होते का? आम्हा कोल्हापूरकरांना थोडे वाईट वाटले.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपला राग समजतो, तरी तो पटत नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले आणि १९५२ मधील खाशाबांच्या कुस्तीतील पदकानंतर, म्हणजे तब्बल ७२ वर्षांनी, महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले. ही ७२ वर्षांची सांगड वृत्तपत्रांनी आणि आपण सर्वांनी घातली आणि ती योग्यच होती. परंतु राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या या मुलाने नेमबाजी शिकताना रोजच्या रोज ज्याच्याकडे पाहिले, ते नाव निराळे असू शकते. त्यांनी कारणही सांगितले होते : या खेळाला लागणारा शांतपणा आपल्याला धोनी यांच्यात दिसतो, आणि त्यांच्यासारखेच आपणही रेल्वेत तिकीट तपासनीस आहोत. पहिल्या उत्तरात मांडलेली कसोटी येथे लावून पाहा. ‘मीही टीसी आहे’ इतके नेमके कारण देणाऱ्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेता येत नाही. शिवाय त्या स्पर्धेची रचना पाहा. आधी गुडघ्यावर, मग पालथे झोपून आणि शेवटी उभ्याने नेम धरायचा असतो. शेवटच्या टप्प्यात एकेक स्पर्धक बाद होत जातो. सुरुवातीला मागे पडलेले स्वप्नील शेवटच्या, उभ्याच्या टप्प्यात वर सरकले. अशा वेळी कुस्तीतील चपळाईपेक्षा यष्टीमागचा थंडपणाच अधिक उपयोगी पडला असणार.

वाट कोणी पाडली, असे विचारत असाल तर तीही कोल्हापुरातूनच जाते. २०१० मध्ये म्युनिक येथे तेजस्विनी सावंत यांनी ५० मीटर रायफल प्रोनमध्ये, म्हणजे पालथे झोपून नेम धरण्याच्या प्रकारात, विश्वविजेतेपद मिळवले. असा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबत यांनी पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकले. स्वप्नील यांच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे या स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या आहेत. म्हणजे कुस्तीच्या तालमींसाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातील एका मुलाला पदकापर्यंत नेणारी वाट प्रामुख्याने स्त्रियांनी आखली. ही गोष्ट आम्हाला ७२ वर्षांच्या हिशोबापेक्षा अधिक बोलकी वाटते आणि तिची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

खाशाबांविषयी एवढेच, की त्यांचा विसर पडल्याचा दोष स्वप्नील यांच्या माथी मारण्याआधी तो व्यवस्थेकडे पाहून मारावा. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाला १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडत होते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पदक जिंकून ते परतले तेव्हा कराड स्थानकापासून शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. परत आल्यावर त्यांनी कुस्त्या खेळून पैसे जमवले आणि ते घर सोडवले. त्यानंतर पोलीस खात्यातील नोकरी, १९८४ मध्ये अपघाती मृत्यू, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. कारकिर्दीला वळण देणारा त्यांचा क्षण आपण हेलसिंकीच्या आखाड्यात शोधतो. आम्हाला तो गहाणखतावर सही करणाऱ्या प्राचार्यांच्या टेबलाशी सापडतो.

प्रश्न : आमचे महिला मंडळ रुपेरी पडद्यावरील आद्य स्त्रियांविषयी स्मरणिका काढत आहे. ‘पहिली अभिनेत्री’ म्हणून दुर्गाबाई कामत, कमलाबाई गोखले की दुर्गा खोटे, यावर आमच्यात बरेच दिवस वाद चालू आहे. कृपया निकाल द्यावा.
– एका मंडळाच्या चिटणीस, पुणे

उत्तर : निकाल देण्याऐवजी आम्ही वादात चौथे नाव घालतो. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात दादासाहेब फाळके यांचा पहिला चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा हरिश्चंद्राची राणी तारामती साकारली होती अण्णा साळुंके यांनी. ते एका उपाहारगृहात आचारी होते. फाळक्यांनी बरीच शोधाशोध करूनही कोणतीही स्त्री कॅमेऱ्यासमोर उभी राहायला तयार झाली नाही, कारण नाटक-तमाशाच्या जगातील स्त्रियांनाही हे नवे यंत्र अधिक बदनामीचे वाटत होते. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. दुर्गाबाईंनी पार्वतीची भूमिका केली आणि कमलाबाईंनी मोहिनीची. म्हणजे ‘पहिली’ हा मान मायलेकींच्यात विभागून जातो. एकल आई असलेल्या दुर्गाबाईंना समाजाने वाळीत टाकल्यासारखेच वागवले होते आणि मुलीला घेऊन त्या फिरत्या नाटक मंडळीत राहत होत्या. पुढे कमलाबाईंचे चिरंजीव चंद्रकांत गोखले आणि नातू विक्रम गोखले यांनी रंगभूमी व चित्रपट दोन्ही गाजवले. वृद्धापकाळी कमलाबाईंवर रीना मोहन यांनी माहितीपट केला. त्यात आजीबाई आपल्या जुन्या भूमिकांविषयी ज्या ठसक्याने बोलतात, तो मंडळाच्या सभासदांनी एकदा तरी पाहावा.

दुर्गा खोटे यांचे ‘पहिलेपण’ वेगळ्या प्रकारचे आहे. लाड कुटुंबात जन्मलेल्या, सेंट झेवियर्समध्ये शिकलेल्या, दोन मुलांच्या आई असलेल्या या तरुणीने घरची आर्थिक ओढाताण सुरू झाल्यावर १९३१ मध्ये एका चित्रपटात छोटी भूमिका केली. चित्रपट सुमार होता, त्यामुळे टीका इतकी झाली की पुन्हा त्या वाटेला जायचे नाही असेच त्यांच्या घरी ठरले असणार. तेवढ्यात प्रभात कंपनीचे व्ही. शांताराम यांचे बोलावणे आले. प्रभात तेव्हा कोल्हापुरात होती आणि १९३२ मध्ये तिने काढलेल्या पहिल्या मराठी बोलपटात, ‘अयोध्येचा राजा’मध्ये, दुर्गाबाईंनी गोविंदराव टेंबे यांच्यासमोर राणीची भूमिका केली. प्रतिष्ठित घरातील सुशिक्षित स्त्रिया चित्रपटात काम करू शकतात, हे त्यानंतर नाकारणे अवघड झाले. या सर्व प्रकारात टीका कशी झाली आणि घरात काय घडले, हे त्यांनी ‘मी दुर्गा खोटे’ या आत्मचरित्रात विलक्षण मोकळेपणाने लिहिले आहे. स्मरणिकेसाठी तेवढे एक पुस्तक वाचले तरी पुरे.

आता आपल्या वादाकडे. दुर्गाबाई खोटे यांनी १९३२ मध्ये साकारलेली राणी कोण होती, हे आपल्या लक्षात आलेच असेल : तारामती. एकोणीस वर्षांपूर्वी जी भूमिका करायला एकही स्त्री मिळाली नव्हती, म्हणून आचाऱ्याला लुगडे नेसावे लागले, तीच भूमिका. स्मरणिकेत तिघींची नावे द्यावीत, पडद्यावर प्रथम कोण आले आणि बोलपटाच्या काळात दार कोणी रुंद केले हे वेगवेगळे लिहावे, आणि मुखपृष्ठावर दोन्ही तारामतींची छायाचित्रे शेजारी शेजारी छापता आली तर साळुंके यांचे छायाचित्र आकाराने लहान करू नये.